राखेसोबत आलेला रिपोर्ट सिमेंटवाल्याच्या कामाचा. विहिरीचं उत्तर त्यात नाही

बदलापूर : राखेची भीती या भागात कोणाला वाटत नाही, आणि वाटावी असं काही कारणही नव्हतं. राब भाजल्याशिवाय भाताचं रोप जोमाने येत नाही, हे अंबरनाथ-मुरबाड पट्ट्यातल्या लहान पोरालाही माहीत असतं. चुलीतली राख भांडी घासायला लागते, कडधान्याला कीड लागू नये म्हणून लागते, मिरची-वांग्यावर मावा पडला तर पानांवर टाकायला लागते. म्हणून 'राख आहे, फुकट आहे, फक्त गाडीभाडं द्या' असं कोणी म्हटलं की शेतकरी फार विचार करत नाही. खाचर बुजवायचं असतं, घराचा पाया उचलायचा असतं, भट्टीवाल्याला मातीत मिसळायला काहीतरी हवंच असतं.

कोणी जरा खोलात शिरून विचारलं, तर पुढे एक कागद येतो. लॅबचा रिपोर्ट, एका पानाचा, खाली सही-शिक्का. सिलिका इतके टक्के, ॲल्युमिना इतके टक्के, आयर्न ऑक्साइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम. सगळं मानकात बसणारं. कागद खोटा नसतो. पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर देतो, तो प्रश्न शेतकऱ्याचा नसतो.

लाकडाची राख वेगळी, कोळशाची वेगळी

लाकूड, पाला, शेण जळून जी राख उरते तिच्यात मुख्य चुना आणि पालाश. झाडाने मुळातून जे घेतलं तेच जमिनीला परत मिळतं. कोळशाचं तसं नाही. आपल्या देशातला बराचसा कोळसा २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीत साचलेला, आणि त्यात वाहून आलेली माती मिसळलेली. म्हणून भारतीय कोळशात राखेचं प्रमाण ३० ते ४० टक्के असतं. शंभर किलो कोळसा जाळला की तीस-चाळीस किलो राख हातात येते. ती राख म्हणजे भाजलेली माती, सिलिका आणि ॲल्युमिना. आणि त्यासोबत कोळशात अगदी थोड्या प्रमाणात असलेलं बाकी सगळं: आर्सेनिक, शिसं, क्रोमियम, सेलेनियम, निकेल, बोरॉन, कॅडमियम, पारा.

जळताना कोळशाचा दोन तृतीयांश भाग हवेत जातो, पण यातली बहुतेक मूलद्रव्यं जात नाहीत. ती उरलेल्या एक तृतीयांशात गोळा होतात. म्हणजे कोळशात टनाला ५ ग्रॅम आर्सेनिक असेल, तर राखेत ते टनाला १५ ग्रॅमच्या आसपास जातं. दूध आटवून बासुंदी करावी तसा प्रकार. आर्सेनिक आणि सेलेनियम तर भट्टीत आधी वाफ होतात आणि धूर थंड होताना राखेच्या बारीक कणांवर जाऊन बसतात. म्हणून बॉयलरच्या तळाशी पडणाऱ्या जाड राखेपेक्षा धुरातून पकडलेली, पिठासारखी बारीक राख जास्त जपून हाताळायची. आणि सिमेंटला, विटेला बारीकच राख आवडते.

राख इथपर्यंत येते कशी?

अंबरनाथ तालुक्यात मोठं औष्णिक वीज केंद्र नाही. ठाकुर्लीचं चोळे पॉवर हाऊस रेल्वेला वीज द्यायचं, ते बंद होऊनही जमाना झाला. पण नाशिकजवळच्या एकलहऱ्याला ६३० मेगावॉटचं केंद्र आहे, डहाणूला ५०० मेगावॉटचं आहे. एकलहऱ्याचा २१० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला, तर दिवसाला साधारण साडेतीन हजार टन कोळसा आणि हजार-बाराशे टन राख, असा सोपा हिशोब आहे. सगळ्या देशाचा धरला तर २०२१-२२ मध्ये सुमारे २७ कोटी टन राख निघाली.

एवढी राख ठेवणार कुठे? म्हणून केंद्राने १९९९ मध्ये राख वापरण्याची पहिली अधिसूचना काढली, मग तिच्यात बदल होत गेले. महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतःचं राख धोरण आणलं. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने वीज केंद्रांना सांगितलं, की राख शंभर टक्के वापरली गेलीच पाहिजे, नाहीतर न वापरलेल्या राखेवर टनाला १,००० रुपये भरा. केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतली बांधकामं, रस्ते सगळे त्यात आले. एकलहरे आणि डहाणू, दोन्ही ठिकाणांहून कल्याण, अंबरनाथ, मुरबाड, शहापूर ३०० किलोमीटरच्या बरेच आत आहेत.

दंड वाचवायचा असेल तर राख कोणीतरी उचलली पाहिजे. 'फुकट'चा अर्थ इथे आहे.

दुसरी वाट जवळची आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कारखान्यांत वाफेसाठी बॉयलर चालतात, त्यातल्या कोळशाच्या बॉयलरची राख निघतेच. ती किती आणि कुठे जाणार, हे त्या कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या संमतीपत्रात लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा एकच ओळ असते: वीट उत्पादकांना विक्री. आणि बॉयलरचा कोळसा कायम एकाच खाणीचा नसतो. भाव बघून आज इंडोनेशियाचा, उद्या चंद्रपूरचा. कोळसा बदलला की राख बदलते. म्हणून गेल्या वर्षीचा रिपोर्ट या वर्षीच्या राखेला लावणं म्हणजे शेजाऱ्याचा सातबारा दाखवून आपल्या जमिनीवर कर्ज मागण्यासारखं आहे.

यंत्र नक्की काय बघतं

दिवाळीच्या फटाक्यात हिरवा रंग बेरियमचा असतो, लाल स्ट्रॉन्शियमचा. चुलीच्या जाळावर मीठ पडलं की जाळ पिवळा होतो, तो मिठातल्या सोडियममुळे. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की आपल्या ठरलेल्या रंगाचा प्रकाश देतं, दुसऱ्याचा कधीच देत नाही. जमिनीला जसा गट नंबर, तसा हा प्रकाशाचा नंबर. जर्मनीत बुन्सेन आणि किरशॉफ यांनी १८५९-६० च्या सुमारास हे पद्धतशीर लावलं आणि १८६० मध्ये झऱ्याच्या पाण्यात सिझियम नावाचं, तोवर कोणाला माहीत नसलेलं मूलद्रव्य शोधून काढलं. आजचे स्पेक्ट्रोमीटर त्याच कल्पनेची वाढलेली रूपं आहेत.

राखेसाठी मुख्य दोन प्रकारची यंत्रं वापरतात. पहिल्याला एक्सआरएफ म्हणतात. राखेची वडी दाबायची किंवा वितळवून काचेची चकती करायची आणि तिच्यावर क्ष-किरण सोडायचे. काही मिनिटांत सिलिका, ॲल्युमिना, लोह, चुना यांचे टक्के मिळतात. काम झटपट आणि स्वस्त. सिमेंटवाल्याला एवढंच हवं असतं. आयएस ३८१२ हे राखेचं मानक सांगतं, की सिलिका, ॲल्युमिना आणि आयर्न ऑक्साइड मिळून किमान ७० टक्के हवेत. तेवढे भरले तर राख सिमेंटमध्ये नीट काम करते. एका पानाचा तो रिपोर्ट बहुतेक याच यंत्राचा असतो.

दुसऱ्या यंत्राचं नाव आयसीपी. यात आधी राख तेजाबात पूर्ण विरघळवावी लागते, आणि सिलिका साध्या तेजाबाला दाद देत नाही, त्यासाठी हायड्रोफ्लोरिक ॲसिड लागतं. मग तो द्रव आर्गॉन वायूच्या सहा ते दहा हजार अंशांच्या ज्वाळेत फवारतात. या यंत्राचा एक प्रकार ज्वाळेतला प्रकाश वाचतो, दुसरा थेट अणूंचं वजन करतो. टनात एक ग्रॅम, एवढंच काय त्याच्या हजाराव्या भागापर्यंत हे यंत्र पोचतं. आर्सेनिक, शिसं, कॅडमियम, सेलेनियम यांचा विश्वास ठेवण्याजोगा आकडा इथून मिळतो. वेळ लागतो, पैसे लागतात. म्हणून कोणी मागितल्याशिवाय ही चाचणी होत नाही.

इथेही यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवून चालत नाही. पाऱ्याचंच घ्या. कोळशातली राख किती हे बघायला लॅबमध्ये कोळसा ८१५ अंशांवर जाळतात. तेवढ्या तापमानाला पारा कधीच उडून गेलेला असतो. त्या राखेत पारा शोधला तर सापडणारच नाही, आणि कागदावर 'पारा नाही' असं छापून येईल. पाऱ्यासाठी नमुना न भाजता वेगळा ठेवावा लागतो, चाचणीची पद्धतही वेगळी. आर्सेनिकची गंमत याच्या उलट. अणूचं वजन करणाऱ्या यंत्रात आर्सेनिकचा आकडा ७५. आर्गॉनचा ४० आणि क्लोरीनचा ३५ एकत्र चिकटले तर तेही ७५. नमुन्यात मीठ किंवा क्लोरीनचं तेजाब असेल, तर नसलेलं आर्सेनिक दिसू शकतं. चांगली लॅब याची काळजी घेते, पण ती घेतली का हे विचारणारा कोणीतरी हवा.

'घातक नाही' म्हणजे काय, आकड्यात

आता मुद्द्याची गोष्ट. राखेत आर्सेनिक किती आहे, हा एक प्रश्न. त्यातलं पावसाने सुटून पाण्यात किती येईल, हा दुसरा. शेतकऱ्याला दुसऱ्याशी देणंघेणं.

त्यासाठी टीसीएलपी नावाची चाचणी आहे. राखेच्या वीसपट ॲसेटिक ॲसिडचं पाणी, म्हणजे थोडक्यात सौम्य व्हिनेगर, घेऊन बाटली साधारण १८ तास फिरवत ठेवायची आणि मग गाळलेलं पाणी स्पेक्ट्रोमीटरवर तपासायचं. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत याच चाचणीची मर्यादा दिली आहे. पाझरलेल्या पाण्यात आर्सेनिक लिटरला ५ मिलिग्रॅमपर्यंत, शिसं ५ मिलिग्रॅमपर्यंत, पारा ०.२ मिलिग्रॅमपर्यंत. त्याच्या वर गेलं तर घातक.

पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस १०५०० उघडलं तर तिथे आर्सेनिक ०.०१, शिसं ०.०१, पारा ०.००१. म्हणजे आर्सेनिक आणि शिशाला पाचशेपट फरक, पाऱ्याला दोनशेपट. पाझरणारं पाणी पिण्याच्या मर्यादेच्या चारशेपट खराब असलं, तरी 'घातक मर्यादेच्या आत' असा रिपोर्ट कायद्याने बरोबर ठरतो. त्यातही कोळशाची राख मुळात 'मोठ्या प्रमाणातला, कमी परिणामाचा कचरा' म्हणून घातकच्या यादीबाहेर ठेवलेली आहे. कायद्याचा हा हिशोब कारखान्यासाठी ठीक असेल. विहिरीला तो कळत नाही.

आणखी एक अडचण आहे. टीसीएलपी बनवली ती शहरी कचऱ्याच्या ढिगातलं आंबट पाणी डोळ्यांपुढे ठेवून. पण आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन आणि क्रोमियमचा एक विषारी प्रकार हे आंबट नसलेल्या, खारट-अल्कली पाण्यातही सहज सुटतात. म्हणून साध्या पाण्यातली चाचणीही सोबत हवी.

एक ढोबळ हिशोब करून बघता येईल. समजा हायवामध्ये २० टन राख आहे आणि टनाला १० ग्रॅम आर्सेनिक. एका गाडीत झालं २०० ग्रॅम. त्यातलं शंभरात एक ग्रॅम सुटलं तर २ ग्रॅम. लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या हिशोबाने दोन ग्रॅम म्हणजे २ लाख लिटर पाणी मर्यादेला नेऊन ठेवणारं. चार मीटर रुंद विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते साधारण ५० हजार लिटर. सगळं सुटलेलं विहिरीतच जातं असं नाही. माती बरंच धरून ठेवते, पाऊस वाहून नेतो. पण भरावाला एक गाडी कधीच पुरत नाही, आणि ठाणे जिल्ह्यातल्या या पट्ट्यात पाऊस काही कमी पडत नाही. इथला खडक बेसाल्ट. पाणी त्याच्या भेगांतून आणि वरच्या मुरमातून फिरतं. जुलैत विहीर आठ-पंधरा दिवसांत भरते, ती वरूनच.

रसायनाच्या बाबतीत हा भाग अडाणी नाही. २०१४ साली वालधुनीत टँकरमधून रसायन सोडलं गेलं, तेव्हा उल्हासनगरात अनेकांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. पण ते नाकाला कळलं. वालधुनीचा रंग डोळ्यांना दिसतो. पाण्यातल्या आर्सेनिकला ना रंग, ना वास, ना चव.

नागपूरकडे काय झालं

हे सगळं कागदावरचं वाटत असेल तर कोराडी-खापरखेड्याकडे बघावं. तिथल्या वीज केंद्रांभोवतालच्या गावांतलं पाणी आणि राख यांचे नमुने मंथन अध्ययन केंद्र, असर आणि सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट या संस्थांनी तपासून घेतले. त्यांचा अहवाल नोव्हेंबर २०२१ मध्ये आला. काही ठिकाणच्या पाण्यात पारा, आर्सेनिकसारखे धातू मर्यादेपेक्षा जास्त निघाले. गावकरी राखेची तक्रार आधीपासून करत होते. पण 'त्रास होतो' हे वाक्य आणि 'लिटरला इतके मिलिग्रॅम' हा आकडा, या दोघांना सरकारी टेबलावर वेगळी किंमत असते. पुढच्याच वर्षी, जुलै २०२२ च्या पावसात, कोराडीच्या खसाळा राखतलावाचा बांध फुटला आणि राख शेतांत, नाल्यांत पसरली.

तो तलाव होता, इथे भराव आहे. प्रमाण वेगळं, पण राख तीच आणि पाणीही तसंच मुरतं.

राख वाईटच, असं यातून काढायचं कारण नाही. सिमेंटमध्ये बांधली गेलेली राख बऱ्यापैकी जागच्या जागी राहते. राखेच्या विटेमुळे शेतातली वरची काळी माती भट्टीत जायची वाचते, आणि ती वाचायलाच हवी. भट्टीवर राख कालवणाऱ्या मजुराच्या नाकातोंडाचं काय, हा प्रश्न उरतो. त्यातले बरेचसे कातकरी आणि त्यांच्या तोंडाला साधा रुमाल. अडचण आहे ती उघड्या राखेची. शेतात टाकलेली, ओढ्याच्या काठाला ओतलेली, विहिरीच्या वरच्या अंगाला भरावात दाबलेली.

२०२१ च्या अधिसूचनेतही यावर लिहिलेलं आहे. शेतीत राख वापरायची तर नियंत्रित प्रमाणात आणि माती तपासून. सखल जागा भरायची तर राज्य प्रदूषण मंडळाची आधी परवानगी, आणि परवानगी दिलेल्या जागा, क्षेत्र, किती राख, हे मंडळाने दरवर्षी आपल्या वेबसाइटवर टाकायचं. म्हणजे कोणत्याही ग्रामपंचायतीला मोबाइलवर बघता येण्यासारखी गोष्ट आहे, की आपल्या हद्दीतला तो गट नंबर त्या यादीत आहे का. नसेल तर मंडळाचं कार्यालय कल्याणलाच आहे, अर्ज तिथे द्यावा.

आणि रिपोर्ट मागायचा तर नीट मागावा. नमुना कोणी घेतला आणि कुठून, हे आधी. ढिगाच्या वरून एक मूठ उचलली तर ती ढिगाची गोष्ट सांगत नाही. सात-आठ ठिकाणची, वरची-खालची राख एकत्र करून, चार भाग करत करत कमी केलेली असावी. लॅब एनएबीएल मान्यतेची आहे एवढ्यावर थांबू नये, मान्यता कशासाठी आहे ते बघावं. सिलिका मोजायची मान्यता असलेल्या लॅबला राखेतल्या आर्सेनिकची असेलच असं नाही. आणि जिथे 'बीडीएल' लिहिलंय तिथे विशेष लक्ष द्यावं. त्याचा अर्थ 'नाही' असा नसून 'यंत्राला जेवढं दिसतं त्याच्या खाली' एवढाच आहे. यंत्राला ०.०५ च्या खालचं दिसतच नसेल, तर ०.०१ च्या मर्यादेबद्दल तो कागद मुका आहे.

खासगीत करून घ्यायचं झालं तर पवईला आयआयटीत बाहेरच्यांचे नमुने फी घेऊन आयसीपीवर तपासून देण्याची सोय आहे. मंडळाची स्वतःची मध्यवर्ती प्रयोगशाळा महापेला आहे. एका शेतकऱ्याला हा खर्च जड जाईल, पण पाच-सहा भट्टीवाले किंवा एक ग्रामपंचायत मिळून करू शकते. गावात जलसुरक्षकाकडे जी पाणी तपासणीची पेटी असते, तिच्यात क्लोरीन, नायट्रेट, फ्लोराइड, लोह असलं बघतात. पारा, शिसं, कॅडमियम तिच्यात दिसत नाही. तिचा 'पाणी योग्य' हा शेरा या बाबतीत धरू नये.

गंमत बघा, जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने महत्त्वाच्या खनिजांचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं. मोबाइल, बॅटरी, चुंबकाला लागणारी दुर्मिळ मूलद्रव्यं खाणीच्या टाकाऊ मालातून आणि कोळशाच्या राखेतूनही काढता येतील का, हे आता बघितलं जातंय. टनामागे काही ग्रॅम गॅलियम किंवा निओडिमियम शोधायला याच जातीची यंत्रं लागतात आणि तिथे ग्रॅमाग्रॅमाचा हिशोब होतो. आर्सेनिक त्याच राखेत, तेवढ्याच ग्रॅममध्ये असतं.

ज्यांच्या विहिरीच्या वरच्या अंगाला राखेचा भराव पडणार आहे, त्यांनी एक काम गाडी यायच्या आधी करावं. विहिरीचं पाणी लॅबने दिलेल्या स्वच्छ बाटलीत भरून, तारीख घालून, दोन पंचांच्या सह्या घेऊन धातूंसाठी तपासून ठेवावं. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात, त्याच विहिरीचं पुन्हा. पहिला आकडा हातात नसेल तर दुसऱ्या आकड्यावर समोरचा एवढंच म्हणतो, की तुमच्या विहिरीत हे आधीपासूनच होतं.